अंगण कुणाचं?

आदर या शब्दाशी आमचं जुनं भांडण आहे. हा शब्द गावानं आमच्या आज्या-पणज्यांकडून वसूल केला. वाड्यासमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यायचं. पाटलाचं शेंबडं पोर दिसलं तरी म्हाताऱ्यानं बाजेवरून उठायचं. कमरेत वाकून जोहार घालायचा. या सगळ्याला गाव आदर म्हणायचं. म्हणून आज कुणी सांगतं की लहान पोरांना शिकवताना सगळ्या प्रकारच्या कुटुंबांशी आदरानं वागा, तेव्हा आम्ही लगेच माना डोलावत नाही. आम्ही विचारतो, कसला आदर? कुणी कुणाचा करायचा? आणि तो करताना कुणाचं काय जाणार आहे?

मी हे लांबून विचारत नाही. १९८६ पासून २०१९ पर्यंत मी अंगणवाडी सेविका होते. तालुका दुष्काळी. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्याला जाणार. माझ्या रजिस्टरात बौद्धांची पोरं होती, मातंगांची होती, मराठ्यांची, धनगरांची, वंजाऱ्यांची होती. तांड्यावरच्या बंजाऱ्यांची होती, ओढ्याकाठी पालं टाकलेल्या कैकाड्यांची होती, माळावरच्या पारध्यांची होती. चार घरं मुसलमानांची. वय तीन ते सहा. इतकी घरं एका सतरंजीवर बसवायची हे परिपत्रकात एका ओळीत लिहून होतं. सतरंजीवर ते रोज सकाळी नव्यानं करावं लागतं.

त्यातून दोन गोष्टी माझ्यापुरत्या पक्क्या झाल्या. एक, सहा वर्षांच्या आतल्या पोराला त्याच्या घरापासून तोडून मान देता येत नाही. घराचा अपमान केला की पोराचा झालाच. दुसरी, घराला मान देणं म्हणजे घर म्हणेल त्याला मान तुकवणं नव्हे. या दोन गोष्टी एकमेकींवर आदळतात. कुठं आदळतात आणि तिथं काय करायचं, तेवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी अंगणवाडी हा शब्दच बघू. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं काम सुरू केलं. १९५७ साली ते डहाणू तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेलं. तोवर बालशिक्षण शहरातल्या शिकलेल्या घरांचं होतं. साधनं महाग, भाषा पुस्तकी. गरिबांची पोरं बालवाडीत येईनात. तेव्हा पोरांना दोष न देता बालवाडीच उचलून पोरांच्या अंगणात नेली. साधनं म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेतली, म्हणजे पोरांच्या हातात आधीपासून होतं तेच. दोघी आमच्या वस्तीतल्या नव्हत्या. पण अंगण त्या घराचं असतं आणि शिकवणारी तिथं पाहुणी असते, हे त्यांना उमगलं होतं. पाहुणी आली की आधी विचारते, "बसू का?" आणि मग बसते.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात लाखाच्या वर. सरकारनं शब्द उचलला. अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी मागं राहिलं. अंगणवाडी भरली कुठं? मारुतीच्या देवळात, चावडीत, कुणा पुढाऱ्याच्या ओसरीवर. ज्या ओसरीला बापाचा पाय लागायची सोय नाही, त्या ओसरीवर बसून पोरानं बडबडगीत म्हणायचं! डिसेंबर २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या अग्रक्रमानं शोधा. स्वातंत्र्याला ५९ वर्षं होऊन गेल्यावर कोर्ट सांगतं, तेव्हा प्रशासनाला आमच्या वस्तीचा रस्ता सापडतो.

आणि अंगण सुटलं तसा पाहुणेपणाही सुटला. घराचं नाव 'लाभार्थी' झालं. आई दारात आली की ती लाभार्थ्याची आई. काही घ्यायला आलेली, म्हणून गप्प उभी राहणारी. तिच्याकडं काही द्यायला असेल, तिला तिच्या पोराबद्दल काही ठाऊक असेल, असा एकही रकाना माझ्या रजिस्टरांत नव्हता. वजन होतं, उंची होती, लस होती. "हे पोर कशानं हसतं?" हा रकाना नव्हता. २०२१ मध्ये मोबाइलवर पोषण ट्रॅकर आला. त्यातही आईला विचारायचं काही नाही, तिच्याबद्दल भरायचं तेवढं आहे.

आता घर आणि पोर. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ते गोणपाट रोज घरून आणायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावत नव्हता. यातल्या घरी नेण्यावर आपण फारसं थांबत नाही. शाळा त्या पोराला रोज संध्याकाळी सांगत होती, तुझं घर तुझ्या अंगाला चिकटलेलं आहे आणि ते आमच्या खोलीत रात्रभरसुद्धा राहता कामा नये. पोराला हुशार म्हणा, पहिला नंबर द्या, पण गोणपाट घरी न्यायला लावा. मग त्या पहिल्या नंबराला काय अर्थ राहिला?

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव, सावित्रीबाई यांच्या शाळेत मुक्ता साळवे शिकत होती. मांगाची पोर, वय १४. तिनं निबंध लिहिला, तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. विषय कोणता? मांग-महारांचं दुःख. म्हणजे तिचंच घर, तिचीच वस्ती, उघड्यावर बाळंत होणाऱ्या तिच्याच बाया. तीन वर्षं शिकून ती आपलं घर विसरली नाही. घराकडं बघून बोलायला शिकली. शाळेनं तिला घर पुसून ये म्हटलं असतं, तर तो निबंध झालाच नसता. चांगल्या शिक्षणाची माझी व्याख्या एवढीच आहे. पोरानं घर उंबऱ्याबाहेर ठेवून येऊ नये, बरोबर घेऊन यावं.

पण शिकलेल्या माणसाला गरिबाचं घर म्हणजे दोषांची यादी वाटते. आमच्या प्रशिक्षणात हे वाक्य शंभरदा ऐकलं: "पालक अडाणी आहेत, स्वच्छता नाही, पोराकडं लक्ष नाही." यातला एकेक शब्द सोलून बघू.

स्वच्छता. कैकाड्यांच्या पालावर गेलं की पोरांच्या नाकाला शेंबूड, अंगावर धूळ. "आंघोळ का घालत नाही?" हा पहिला प्रश्न झाला. मी वेगळा प्रश्न विचारायची, "पाणी कुठून आणता वैनी?" तेव्हा कळायचं की गावच्या हापशावर त्यांना दुपारी गर्दी सरल्यावरच हात लावू देतात आणि विहिरीवर तर नाहीच. म्हणजे ज्या गावानं पाणी अडवलं तेच गाव पोर घाण आहे म्हणून नाक मुरडतं. असं असताना आईला साबणाचं महत्त्व पटवायला जाणं हा शहाणपणा नव्हे. त्या वेळी हापशावर जाऊन उभं राहणं हे बालशिक्षणाचंच काम आहे.

लक्ष. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाची उचल दोघांच्या डोक्यावर. घरी सांभाळायला कुणी नसलं की तीन वर्षांचं पोर गाडीत बसून बरोबर जातं. तिथं कोपीत राहायचं, पहाटे अंधारात आई फडात उतरणार, पोर फडाच्या कडेला पाचटावर झोपणार. त्या मुलखातल्या अंगणवाडीत त्याचं नाव नाही, आणि आमच्या रजिस्टरात शेरा पडणार 'स्थलांतरित'. एक शब्द लिहिला की आमची जबाबदारी मिटली! मग शिमग्याला ती परत आली की पोराचं वजन घटलेलं, आणि वरून विचारणा, "आई लक्ष देत नाही का?" मी निघायच्या आधी प्रत्येक आईच्या हातात एक चिठ्ठी द्यायची. पोराचं वजन, झालेल्या लसी, राहिलेल्या लसी, खाली माझं नाव आणि गाव. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. एकजण म्हणाली, "बाई, मला वाचता येत न्हाई, पर ह्यो कागद दावला की तिथली बाई 'ये, बस' म्हणती." त्या माउलीला चिठ्ठीत पोराच्या वजनापेक्षा 'ये, बस' जास्त दिसलं. तिचं बरोबर होतं.

अडाणी. एक बंजाऱ्याचं पोर पहिल्या दिवशी रडत होतं, "याडी, याडी." पाहणीला आलेल्या बाईंना वाटलं, पोरगं मॅडमला येडी म्हणतंय. त्यांनी डोळे वटारले. पोर घाबरून मुकं झालं, ते आठवडाभर बोललंच नाही. गोरबोलीत याडी म्हणजे आई. तीन वर्षांचं लेकरू आईला हाका मारत होतं आणि आम्ही त्याला शिस्त लावत होतो. इथं अडाणी कोण? मी तांड्यावर जाऊन त्याच्या आजीला म्हटलं, "आजी, मला तुमची बोली शिकवा, निदान वीस शब्द." ती हसली, म्हणाली, "आता मास्तरीण माझ्या शाळेत!" त्या दिवसापासून ती दर आठवड्याला अंगणवाडीत येऊन बसायला लागली. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की लहान पोरांना शक्यतो घरच्या भाषेत शिकवा. चांगलं आहे. पण घरची भाषा ज्या घरात आहे त्या घरापुढं मास्तरानं आधी विद्यार्थी व्हावं लागतं, हे धोरणात लिहून होत नाही.

पारध्यांचं आणखी वेगळं. वही काढून नावं लिहायला लागलं की म्हातारी पोरांना पालामागं लपवायची. लोक म्हणत, बघा, ह्यांना शिक्षणच नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं यांच्या अख्ख्या जमाती जन्मानंच चोर ठरवल्या. माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. पोरांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत घालायची मुभा सरकारनं त्या कायद्यात पुढं करून घेतली. १९५२ साली कायदा गेला. शब्द मात्र राहिला. हजेरी! आमच्यासाठी हजेरी म्हणजे शाळेचा पट. तिच्यासाठी हजेरी म्हणजे पोलीस. वही, पेन आणि पोर, या तिन्हीचा मेळ तिच्या घराण्यानं एकदा बघितला आहे. तिची भीती अज्ञानातून आलेली नाही, आठवणीतून आलेली आहे. हे ज्याला माहीत नाही त्यानं तिच्याशी कितीही गोड बोलावं, तो आदर वरवरचा. मी तिथं महिनाभर वही नेली नाही. नुसती जाऊन बसायची. नावं तिनंच पुढं सांगितली.

अशीच गोष्ट फॉर्ममधल्या बापाच्या नावाची. नवऱ्यानं टाकलेली, देवाला सोडलेली, नुसती एकटी राहिलेली, अशा बाया माझ्याकडं पोरं घेऊन यायच्या. फॉर्मवर बोट ठेवून मान खाली. तो एक रिकामा रकाना चार माणसांसमोर त्यांची अब्रू काढायचा. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या सरकारी कागदावर आधी पोराचं नाव, मग आईचं, मग बापाचं. उशिरा झालं, पण झालं. तसंच डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय झाला. महारवाड्याचं भीमनगर, मांगवाड्याचं समतानगर. पाटी बदलली याचा मला आनंदच आहे. पोरानं आपला पत्ता मोठ्यानं सांगता आला पाहिजे. पण सेविका अजून वेशीवर उभी राहून आयांना हाक मारत असेल आणि वस्तीत शिरत नसेल, तर समतानगर हे नाव पाटीपुरतंच.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठरलं तर, प्रत्येक घराचं ऐकायचं, प्रत्येकाच्या रीतीला मान द्यायचा. मित्रांनो, खरी कसोटी इथंच लागते.

माझ्या अंगणवाडीत मदतनीस बौद्ध होती. खिचडी ती शिजवायची. एका वर्षी चार घरांनी ठरवलं की आपली पोरं तिच्या हातचं खाणार नाहीत. त्यातल्या एकीची आई माझ्याकडं आली. भांडायला नव्हे, अगदी नरमाईनं. म्हणाली, "बाई, तुम्ही सगळ्यांच्या रीतीभाती सांभाळता. कैकाड्याच्या, पारध्याच्या. मंग आमच्या घरची बी एक रीत हाय, तिचा मान ठेवा की." बघा, आमचाच शब्द आमच्याच दारात परत आला. सगळ्या कुटुंबांचा आदर करायचा असेल तर या कुटुंबाचा का नको?

वरून निरोप आला, "जरा जमवून घ्या." जमवून घ्या म्हणजे काय? मदतनिसीला पातेल्यापासून लांब करा. म्हणजे चार घरांचा आदर एका बाईच्या अपमानातून भागवा. आपल्या देशात जमवून घेणं याचा अर्थ नेहमी असाच निघतो. शाळेतल्या पोषण आहाराबाबत एप्रिल २००४ मध्येच सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की स्वयंपाकी नेमताना दलितांना आणि अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. कोर्टाला त्यातली गोम कळली होती. गावातला सगळ्यात मोठा धडा फळ्यावर शिकवला जात नाही, तो पंगतीत शिकवला जातो.

मी त्या आईशी काय बोलले ते सांगते, कारण माझं उत्तर तेच आहे. मी म्हटलं, "वैनी, तुमचं पोर काय खातं, काय खात नाही, ते तुमचं. त्याला घरची भाकरी बांधून द्या, मी ती त्याला माझ्या हातानं खाऊ घालीन. पण ते बसणार याच पंगतीत, आणि खिचडी शिजणार त्याच हातानं. तुमच्या पोराला जागा द्या म्हणाल तर देईन. तिला उठवा म्हणाल तर उठवणार नाही." ती काही बोलली नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे सगळा फरक इथं आहे. एक असतो वेगळेपणा आणि दुसरी असते उतरंड. वेगळेपणा म्हणतो, मलाही बसू द्या, माझी बोली ऐका, माझ्या पोराला माझं खाणं द्या. उतरंड म्हणते, त्याला खाली बसवा. दोघंही बोलताना 'आमची रीत' हाच शब्द वापरतात, म्हणून आपण फसतो. ओळखायची खूण सोपी आहे. मागणी पुरी केली तर कुणाची जागा जाते? कुणाचीच जात नसेल तर तो वेगळेपणा, त्याला सतरंजी पसरून जागा द्या. दुसऱ्याची जात असेल तर ती उतरंड. तिला आदर द्यायचा नसतो, उत्तर द्यायचं असतं.

अंड्याचंच बघा. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेत अंडं देतात, जो खात नाही त्याला केळं. हा वेगळेपणाचा मान झाला. कुणाचं काही गेलं नाही. पण 'माझ्या पोराला नको' इथून 'खोलीतच नको, कुणालाच नको' इथवर जो जातो, तो दुसऱ्याच्या भुकेल्या पोराच्या ताटातलं उचलतो. राज्यातल्या शाळांत नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी सरकारनं थांबवला. कारण काहीही सांगोत. ज्याच्या घरी अंडं रोज आहे त्याचं काही अडलं नाही.

ही खूण सवर्णांच्या दाराशी लावून आपण मोकळे झालो, असं होणार नाही. ती आपल्या उंबऱ्यावरही लावली पाहिजे. आमच्याच वस्तीतल्या बाया मला म्हणाल्या आहेत, "पारध्याची पोरं घेऊ नका, वस्तू जात्यात." आमच्यातल्याच एका घरानं मातंगाच्या पोराशेजारी आपलं पोर बसवायला कुरकूर केली आहे, आणि भिंतीवर फोटो बाबासाहेबांचा. ज्यानं गोणपाट उचललं त्यानंच ते दुसऱ्यापुढं टाकायचं? तिथं मी तेच उत्तर दिलं, शब्दाचाही फरक न करता. आपलं म्हणून सवलत दिली असती तर चार घरांपुढं बोलायला मला तोंड राहिलं नसतं.

उलट बाजूनंही सांभाळावं लागतं. आम्ही धम्म घेतला, देव विहिरीत टाकले. ठीक केलं. पण म्हणून शेजारच्या मातंग आजीच्या घरात जाऊन देव्हाऱ्याकडं बोट करून हसायचा परवाना आम्हाला मिळाला नाही. तिचा देव्हारा कुणाची जागा घेत नाही. मात्र तिच्या नातीच्या केसांत जट आली आणि घरात पोर यल्लम्माला सोडायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी गप्प बसले नाही. तिथं जागा जाणार होती त्या पोरीचीच. तिचं सगळं आयुष्य जाणार होतं. देवदासी प्रथेविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २००५ चा आहे. पण मी आधी कायदा काढला नाही. आजीजवळ बसून म्हटलं, "हिची मान दुखती, डोक्यात उवा झाल्यात, दवाखान्यात दाखवू." तीनदा गेले. चौथ्यांदा आजीनंच कात्री मागितली. ज्या घराशी आपण आधी पाहुण्यासारखे वागलो, त्या घराला एक दिवस कडू बोलायचा अधिकार मिळतो. आधी बोट रोखून मग पाहुणचार मागता येत नाही.

त्या चार घरांचं काय झालं, हे विचाराल. दोन पोरं महिनाभरात पंगतीत आली, आधी भाकरी घेऊन, मग भाकरी विसरून. एक घर शेवटपर्यंत आलं नाही. आणि ती नरमाईनं बोलणारी बाई खुरपणीचे दिवस सुरू झाल्यावर पोर घेऊन आली, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं. तिचं मन बदललं का? मला सांगता येत नाही. पोर खिचडी खात होतं आणि मदतनिसीच्या मांडीवर झोपत होतं, एवढं मी बघितलं. पुढं त्याला घरानं काय शिकवलं ते माझ्या हाती नव्हतं. पण त्या तीन वर्षांत अंगणवाडीनं त्याला खोटं शिकवलं नाही.

शेवटी सेविकेबद्दलही बोललं पाहिजे. जिला स्वतःला मान नाही तिच्याकडून सगळ्या जगानं मानाची अपेक्षा करायची, हा कुठला न्याय? आमच्या पगाराला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यात मानही नाही आणि धनही नाही. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं तेव्हा कुठं ठरलं की आम्हीही ग्रॅच्युइटीच्या हक्काच्या आहोत. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसी संपावर बसल्या, तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, पोरांना उपाशी ठेवून ह्या बसल्या. पोरांची एवढी काळजी असणारे एरवी कुठं असतात? मदतनिसीला पातेल्यापासून दूर करा म्हणणारे आणि सेविकेला मानधनावर राबवणारे एकाच उतरंडीवर बसलेले आहेत.

तेव्हा आदरासाठी वेगळं प्रशिक्षण नको, पोस्टर नको, 'विविधतेत एकता' म्हणून पोरांना निरनिराळे पोशाख घालून उभं करणं तर नकोच. पारध्याच्या पोराला पारध्याचा पोशाख घालून टाळ्या घ्यायच्या आणि त्याच्या आजीला पालाबाहेरून हाक मारायची, हे चालू राहणार असेल तर तो तमाशा बंद करा. अंगणात जा. बसू का म्हणून विचारा. पोराबद्दल आईला काय ठाऊक आहे ते आधी ऐका, मग आपली वही उघडा. आणि एक करा. त्या घरात पाणी मागा. गावात कोण कुणाच्या घरचं पाणी पितं हे तीन वर्षांच्या पोरालासुद्धा कळतं. ते दारामागून बघत असतं. तुम्ही तांब्या तोंडाला लावता की नुसता हातात धरून ठेवता, ते बघत असतं. तुमच्या अंगणवाडीतला त्याचा पहिला धडा तिथंच होऊन जातो, गाणी-गोष्टी नंतर.